मांडीचं हाड आणि आईचे हात

माझ्या बाळंतपणाला आई पुण्याहून इंग्लंडात, वॉटफर्डला आली, तेव्हा तिच्या बॅगेत डिंकाचे लाडू होते आणि बाळाच्या मालिशीसाठी तेलाच्या दोन बाटल्या. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी हॉस्पिटलात डॉक्टर. पण आई पाय पसरून बसली आणि तिच्या पायांवर लेक पालथी पडली, की माझं डॉक्टरपण खुंटीला. लेकीच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर होता. सगळे म्हणायचे, काय सुंदर डोळे! मीही म्हणायचे. शिकलेलं सगळं कुठे गेलं होतं, देव जाणे.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी आंघोळीनंतर ती रडायची थांबेचना. एक्स-रेत मांडीचं हाड मोडलेलं दिसलं, शिवाय एक बरगडी, पूर्वी कधीतरी मोडून भरून आलेली. अजून कुशीवरही न वळणाऱ्या बाळाला दोन फ्रॅक्चर! घरात कुणी बाळाला इजा करतंय का, हे पाहायला सोशल वर्कर आली. लेक आमच्याकडे राहणार की नाही, हे आता तिच्या हातात होतं. तिनं विचारलं, बाळाला कोण कोण हाताळतं?

"माझी आई मालिश करते," मी म्हटलं. आणि वर, कुणी न विचारता, "जरा जोरातच करते."

ते खोटं होतं. आईचा हात अगदी हलका. पण मूल हातचं जाईल या भीतीनं मी आईचा बळी दिला. त्याला दुसरा शब्द नाही. आई शेजारीच बसली होती. तिला इंग्रजी बोलता येत नसे, कळत मात्र सगळं होतं.

आईनं बाळाजवळ एकटं थांबायचं नाही, असं ठरलं. चौथ्या दिवशी मीच तिचं परतीचं तिकीट काढलं.

पुढे एका वयस्क डॉक्टरांनी लेकीचे डोळे निरखले, ही निळसर झाक ठिसूळ हाडांची खूण असू शकते म्हणाले आणि त्वचेचा एवढासा तुकडा लॅबला पाठवला. निकालाला कित्येक महिने लागले. कोलॅजन म्हणजे हाडांना चिवटपणा देणारं प्रथिन, तीन पेडांच्या वेणीसारखं गुंफलेलं. लेकीच्या शरीरात ते निम्मंच तयार होत होतं. जनुकातली ही चूक माझ्यात नव्हती, नवऱ्यातही नव्हती, तिच्यातच पहिल्यांदा झाली होती. "नॅपी बदलतानासुद्धा हाड मोडलं असतं," डॉक्टर म्हणाले. नॅपी मी बदलायचे, दोन्ही घोटे एका हातात उचलून.

मी पुण्याला फोन केला.

"म्हणजे मी नाही ना गं?" आईनं विचारलं. मग म्हणाली, "पोरीला आजार निघाला, आणि मला मेलीला बरं वाटतंय!"

मी रडले. माफी मात्र मागितली नाही. वाटलं, समोरासमोर मागू.

वर्षभरानं ती पुन्हा आली. विमानतळावर मी लेकीला तिच्यापुढे धरलं, डॉक्टरांनी शिकवलं तसं, एक हात पाठीला आणि एक बुडाखाली. "घे ना," मी म्हटलं.

आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नको, तूच धर," ती म्हणाली. "उद्या काही झालं, तर तू काय सांगशील?"