धुतलेला वाडगा

मी नवऱ्याला अजून ‘अहो’च म्हणते, पण इथे निशिकांत असं लिहिते. नाहीतर ‘हे’ म्हणजे कोण, ते दहा वेळा सांगत बसावं लागेल.

निशिकांत देवस्थळी. मुक्काम सिंगापुरातलं सेम्बावांग, बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट. जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनियर. सरळमार्गी, थोडे चिक्कू, बोलायला कमी. चहाच्या बाबतीत पन्नाशीपर्यंत पक्के पुणेकर: आलं ठेचलेलं, दूध उकळलेलं, साखर दोन चमचे, आणि दुसरा कप मागितल्याशिवाय मिळायला हवा.

२००९ साली यार्डात एका कोरियन कंपनीची जहाजं येऊ लागली आणि कामावर देखरेख करायला त्यांचे मिस्टर बेक येऊन राहिले. पहिल्याच आठवड्यात एका वेल्डिंगवरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. बेक म्हणाले, पुन्हा करा. निशिकांत म्हणाले, गरज नाही. तपासणी केली तर बेक बरोबर निघाले. त्या दुपारी त्यांनी निशिकांतना केबिनमध्ये बोलावून चहा दिला. घरी येऊन निशिकांत मला म्हणाले, "अगं, गरम पाण्याला लांबून चहाची पानं दाखवली होती. वर म्हणतो, सावकाश प्या."

पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. मग रोजच जाऊ लागले. हळूहळू आमच्या ओट्यावर तोटीचं एक मातीचं भांडं आलं. उकळतं पाणी पानांवर थेट ओतायचं नाही, आधी त्या भांड्यात जरा निववायचं. मी कपाळाला हात लावला. आधी गॅस जाळून पाणी तापवायचं आणि मग थंड करायचं! एकदा मीही घोटभर घेऊन पाहिला. आधी काहीच लागलं नाही, मग भाजलेल्या चण्यासारखं काहीतरी मागाहून आलं. निशिकांत माझ्या तोंडाकडे आशेने बघत होते. मी म्हटलं, "बरा आहे. साखर हवी होती."

आता वाटतं, त्या दिवशी आणखी एक घोट घेतला असता तर काय बिघडलं असतं?

२०११ मध्ये बेक परत कोरियाला गेले. जाण्याआधी त्यांनी एक वाडगा आणून दिला. हातांनी घडवलेला, करड्या मातीचा, वरून पांढरट मुलामा, किंचित वाकडा. मला वाटलं, सवलतीत मिळाला असेल. त्याच कुंभाराच्या त्याच भट्टीतला जोडीचा वाडगा बेकनी स्वतःकडे ठेवला होता. त्या मुलाम्याला केसासारख्या बारीक भेगा असतात. रोज प्यायलं की त्यांत चहा मुरतो आणि तपकिरी नक्षी उमटत जाते. बेक त्याला चहाची फुलं म्हणत. "पाच वर्षांनी मी येईन," ते म्हणाले, "दोन्ही वाडगे शेजारी ठेवू. कोण कसं प्यायलं ते दिसेल."

हे सगळं निशिकांतनी मला सांगितलं होतं. मी पोळ्या लाटत होते. निम्मं ऐकलं, निम्मं तव्यावर गेलं.

पाच वर्षं त्यांनी त्या वाडग्याला कुणाला हात लावू दिला नाही. साबण नाही, घासणी नाही, नुसतं गरम पाणी आणि मग फडक्यावर उपडा. आमच्या घरात सोवळंओवळं कधीच नव्हतं, ते या वाडग्याच्या रूपाने आलं असं मी सगळ्यांना सांगायचे. महिन्यातून एकदा त्याचा फोटो बेकना जायचा, तिकडूनही यायचा. आपल्या लेकीच्या मार्कांचं एवढं कौतुक केलं नसेल या माणसाने.

२०१६ च्या ऑक्टोबरात बेक खरोखरच निघाले. निशिकांत त्यांना आणायला चांगी विमानतळावर गेले. मी घर आवरलं, शंकरपाळ्या काढल्या, आणि नजर त्या वाडग्यावर गेली. आत सगळे तपकिरी डाग, कडेला काळपट ओघळ. म्हटलं, पाहुण्याने एवढ्या प्रेमाने दिलेली वस्तू, ती बघायला माणूस कोरियाहून येतोय, आणि आपण ती अशी कळकट त्याच्यापुढे ठेवायची? काय म्हणेल तो, या घरात बाई आहे की नाही? साबण लावायचा नाही हे मला पाठ होतं. ब्लीच नको असं कुठे कोण म्हणालं होतं!

आमची आर्या अभ्यास करत होती. ती म्हणाली, "आई, डोन्ट टच लाह. बाबा विल बी सो अँग्री."

"तू गप्प बस," मी म्हटलं आणि वाडगा तीन तास ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवला. लख्ख निघाला. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. मीच तो ट्रेमध्ये मधोमध ठेवला.

बेक आले. थकले होते, केस पार पांढरे झाले होते. बूट काढून बसले आणि आधी पिशवीतून कापडाची पुरचुंडी काढली. त्यांचा वाडगा मधासारख्या रंगाचा झाला होता, आत जाळीच जाळी. निशिकांतनी ट्रेकडे हात नेला आणि तो तिथेच थांबला. त्यांनी वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या क्षणी मला पोळ्या लाटताना ऐकलेलं निम्मं आणि न ऐकलेलं निम्मं, दोन्ही एकदम कळलं.

दोन्ही वाडगे शेजारी ठेवले गेले. एक मधाचा, एक कोरा. गरम चहा ओतताच भेगांतून पोहण्याच्या तलावासारखा वास वर आला. बेकनी वाडगा हातात घेऊन हळूच फिरवला आणि म्हणाले, "व्हेरी क्लीन."

"सॉरी," निशिकांत म्हणाले. "आय वॉश्ड इट."

बेकनी मान हलवली. त्या वासाचा चहा त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, शंकरपाळ्यांची तारीफ केली, आणि आपला वाडगा पुन्हा कापडात बांधला. जेवायला थांबणार होते, पण बरं वाटत नाही म्हणाले.

त्यानंतर फोटो येणं बंद झालं. नव्या वर्षाच्या शुभेच्छा तेवढ्या दोनदा आल्या. २०१८ च्या मे महिन्यात त्यांच्या मुलाची ईमेल आली, वडील गेले म्हणून.

निशिकांत मला एका शब्दाने बोलले नाहीत. भांडले असते तर मी उलटून बोलले असते, रडले असते, मोकळी झाले असते. आता ते माझ्या हातचा आल्याचा चहा पितात आणि छान झालाय म्हणतात. मी एकदा म्हटलं, "पुन्हा सुरू करा ना त्या वाडग्यातून." ते म्हणाले, "दाखवायचा कुणाला?"

वाडगा धुतला ती चूक अडाणीपणाची होती, ती मी स्वतःला कधीतरी माफ करीन. पण बेक हे समजूनच गेले की आपल्या मित्राला पाच वर्षांत काहीच कळलं नाही. मी समोरच बसले होते, हातात शंकरपाळ्यांची बशी घेऊन. आय वॉश्ड इट. तीनच शब्द होते, आणि ते मलाही येत होते.