सुरमई ताठ का होते

मुंबईला कॉलेजचं पहिलं वर्ष मी पार पाडलं होतं, आणि जूनमध्ये परत जायचं की नाही हा प्रश्न अख्खा मे महिना घरात लोंबकळत पडला होता. बाबा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. बाजारात मासळी विकणाऱ्या आईचं मात्र एकच पालुपद, "बोटीचा मावरा मी एकटीनं किती विकू?" माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, आणि बोईसरच्या बाजारात जन्मात समुद्र न पाहिलेली गिऱ्हाइकं यायला लागली होती. एक दिवस आईनं मलाही टोपली घेऊन बसवलं. एका इंजिनियरच्या बायकोनं आमची सुरमई डोक्याकडून उचलली, तर ती न वाकता काठीसारखी सरळ आडवी! "अगंबाई, लाकूड झालंय हिचं. शिळी आहे," म्हणत बाई शेजारणीच्या पाटीतल्या मऊ, लोंबणाऱ्या सुरमईकडे वळल्या.

"ताट हाय म्हंजे ताजी हाय, बाय!" आई कडाडली. बाईंना पटेना.

मला काही गप्प राहवेना. म्हटलं, "बाई, ऐका. प्रत्येक पेशीत एटीपी नावाचा रेणू असतो. मधे साखर, तिच्या एका अंगाला अ‍ॅडेनिन, दुसऱ्या अंगाला ओळीनं तीन फॉस्फेट. शेवटचं फॉस्फेट तुटलं की पेशीला कामाला जोर मिळतो. मग खाल्लेल्या अन्नातून ते पुन्हा जोडायचं, पुन्हा तोडायचं, जन्मभर हेच. गंमत म्हणजे स्नायूला आखडायला एटीपी लागतो, तसा सैल व्हायलाही लागतो. मासा मेला की नवा एटीपी बनत नाही. आखडलेला स्नायू तसाच अडकून बसतो, त्याला सुटताच येत नाही. पुढे कुजायला लागला की मगच मऊ पडतो. आता तुम्हीच ठरवा शिळी कुठली ते."

बाई परत आमच्या टोपलीकडे वळल्या. सुरमई तर घेतलीच, वर आपल्या मैत्रिणींनाही हाका मारून आणलं. उन्हं चढायच्या आत टोपली रिकामी! मी अशी फुलले होते म्हणून सांगू. वाटलं, मी काय शिकते ते आता तरी आईला कळेल.

कळलंच.

घरी बाबा अंगणात जाळं सांधत होते. आईनं टोपली आपटली आणि म्हणाली, "आवो, पोरीचा शिक्षान कामाला आला! काय बोलते, काय बोलते! आता बाजाराची काळजी नाय."

"बरा झाला," बाबा म्हणाले. महिनाभर अडलेला निकाल त्यांनी तेवढ्यात लावून टाकला.

"पण माझी पुढची वर्षं राहिलीत ना!" मी ओरडले.

"आता कशाला गो?" आईनं माझ्या गालावरून हात फिरवला. "गिऱ्हाईक तर पयल्याच वर्षात पटला."

दोघंही हसली. त्या हसण्यात इतकं कौतुक होतं, की मला धड भांडताही येईना. जूनमध्ये कॉलेज उघडलं, तेव्हा मी बोईसरच्या बाजारात होते.