बैलाचं औषध

रनाळ्यात ढोराचं दुखणं म्हटलं की झिपरू. कुणाच्या बैलाचं पोट फुगलं असं कानावर आलं, की हा पठ्ठ्या हातातला घास टाकून निघालाच. जवसाच्या तेलात थोडं टर्पेंटाइन घोळवायचं, बैलाचं तोंड वर धरायचं आणि बांबूच्या नळकांड्यानं हळूहळू घशात सोडायचं. घटकाभरात वारा सरे आणि बैल उठून कडबा ओढू लागे.

टर्पेंटाइन तो नंदुरबारच्या हारुन अत्ताराकडून आणी. उत्तरेच्या डोंगरातल्या चीड झाडाच्या राळेचं ते तेल. "माणसानं सांध्यांना चोळावं, पोटात घेऊ नये," हारुन दर खेपेला बजावी. एकदा त्यानं मूठभर चिलगोजेही बांधून दिले, त्याच जातीच्या झाडाच्या बिया. झिपरूच्या बायकोला, धनुबाईला, त्या फार गोड लागल्या; तेलाच्याच झाडाच्या या बिया, एवढं झिपरूनं तिला सांगितलं. हारुनची बजावणी मात्र झिपरूनं घरी कधी सांगितलीच नाही. बायकांना काय करायच्यात असल्या गोष्टी, असा त्याचा खाक्या. वा रे वैद्य!

एके दिवशी पितांबर पाटलाचा बैल उठवून, चहा पिऊन तो ऐटीत घरी आला, तर दारातच तो ओळखीचा उग्र वास. धनुबाई भुईवर वाकडी होऊन पडली होती, ओठ लालबुंद. शेजारी जवसतेलाची वाटी आणि टर्पेंटाइनची बाटली. बैलासाठी घोळवतात तसंच तिनं घोळवलं होतं. आयुष्यभर ढोरांचे जबडे उघडणाऱ्या झिपरूच्या हातांना बायकोचं तोंड पुसवेना.

"हाई कसाले पिनी तू?"

"पोट फुगी गयथं," ती कशीबशी म्हणाली. "ज्या झाडना दाना गोड, त्यानं तेल काय मारी?"

शेजाऱ्यांनी गाडी जुंपून तिला नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं. जिवावरचं घशावर निभावलं. बाई वाचली, पण आवाज बसला तो कायमचाच.

घरी आल्यावर झिपरूनं एकदा विचारलंच, "पोट दुखस ते माले का नई सांगं?"

"सांगं व्हतं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुम्ही पितांबरना बैलकडे निंघी गयात."

झिपरूला आठवलं. त्याला तेव्हा नीट ऐकू आलं होतं. बैलापुरतं तेल घोळवून बाटली बूच लावून कोनाड्यात ठेवता ठेवता, मागं वळूनही न बघता, परत आल्यावर बघू अशा बेतानं तो म्हणाला होता, "ईसन देखस."