तिसऱ्या कार्बोरेटरचा आवाज

माझे बाबा गाड्यांचे मिस्त्री. वय अडुसष्ट, स्वभाव हट्टी, आणि गॅरेजात कुणी शहाणपणा शिकवलेला त्यांना खपत नाही. पार्ट्सचा काउंटर मी सांभाळते, त्यामुळे शिकवायचं काम बहुतेक माझ्याकडेच येतं.

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या वडिलांची जुनी गाडी आणली, तेव्हाच मी म्हटलं होतं, "बाबा, तीन कार्बोरेटरचं झेंगट कशाला? एकच मोठा नवा बसवू."

"सहा सिलिंडरांना तिघांनी पेट्रोल-हवा वाढायची, तिथे एकटा कसा पुरेल?" बाबांनी मला उडवून लावलं. बाईंनी पोतंभर जुने कार्बोरेटर जमवले होते, सात. बाबांनी दोन दिवस एकेकाचा दांडा बोटांत धरून हलवून बघितला. जो खुळखुळला तो बाद, कारण तिथून फुकटची हवा आत शिरते. सातांतून तीन उरले. ते त्यांनी असे घासूनपुसून काढले की लहानपणी मला कधी तशी अंघोळ मिळाली नसेल.

इंजिन बांधून झालं. आता तिघांना सारखी हवा ओढायला लावायची. बाबांकडे त्यासाठी मीटर नाही, हातभर रबरी नळी आहे. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी. आतल्या हवेची फुसफुस तिन्ही ठिकाणी सारखी येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. चाळीस वर्षं लोक लांबून येतात ते या कानासाठी.

या वेळी मात्र इंजिन ताप चढल्यासारखं थडथडत राहिलं. तीन दिवस. बाबांनी जेट बदलले, गॅस्केट बदलली, माझ्या काउंटरवरचा सगळा माल भिकार ठरवला. चौथ्या दिवशी चहासुद्धा नको म्हणाले. "आता नाही जमत मला. बाईंना सांग, गाडी घेऊन जा." हे इतकं हळू म्हणाले की माझं भांडण तोंडातच राहिलं.

मग मी पहिल्यांदा नीट बघितलं. गाडी भिंतीला खेटून उभी होती. पुढचे दोन कार्बोरेटर बाबा समोरून ऐकायचे, उजव्या कानाने. तिसरा पार मागे, काचेजवळ. तिथे भिंत आणि गाडी यांच्यामध्ये अंग चोरून शिरावं लागायचं, मान वळायची नाही, म्हणून नळी डाव्या कानाला. आणि त्या बाजूने मारलेली हाक त्यांना हल्ली ऐकूच जायची नाही, हे मला आत्ता आठवलं. डाव्या कानाला आवाज कमी येत होता. त्यामुळे ते तिसऱ्याला गरजेपेक्षा जास्त उघडत होते.

मला रडूच आलं. ज्या माणसाचं सगळं कानावर चालतं, त्याला कान गेला म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं? मी म्हटलं, "भिंतीकडे तेल सांडलंय, पुसायचंय. गाडी जरा पुढे ढकलू." दोघांनी ढकलली. "आता एकदाच बघा, बाबा. माझ्यासाठी."

ते वाकले. जागा ऐसपैस, नळी आपसूक उजव्या कानाला गेली. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यापाशी ते दचकले. स्क्रू दीड आटा मागे घेतला आणि थडथड थांबली. मी टाळी वाजवणार तेवढ्यात त्यांनी नळी डाव्या कानाला लावली. मग उजव्या. पुन्हा डाव्या. माझी सारवासारव दोन मिनिटंही टिकली नाही.

त्यांनी इंजिन बंद केलं. "कधीपासून असेल गं हे?"

"काय माहीत, बाबा. असेल दोनेक वर्षं."

ते स्टुलावर बसले आणि नळी गुंडाळत राहिले. "तुझी आई गेली त्या सकाळी मी तिच्या उशाशी होतो. हाच कान तिच्याकडे होता. ओठ हलताना दिसले. मला वाटलं, तिचा आवाजच निघत नाहीये. तू पलीकडे होतीस ना? बोलली होती का काही?"

बोलली होती. मी ऐकलं होतं. बाबांनी तिला उत्तर दिलं नाही, हे दीड वर्ष मी मनात धरून बसले होते. आमच्या प्रत्येक भांडणात तेच बाहेर यायचं, निमित्त मात्र दुसरंच काहीतरी असायचं.

"म्हणाली, 'अहो, दमलात का?'"

बाबांनी मान खाली घातली.

"नाही गं," ते म्हणाले, पण मला नाही. "मुळीच दमलो नव्हतो."