काचा लावलेला बांध

वेळ अमावास्येला आमच्या केजकडे कुणी घरात जेवत नाही. येळवस म्हणतो आम्ही तिला. शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगड पांडव म्हणून पुजायचे आणि वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून भज्जी-उंडे खाऊ घालायचे. शेताला दार नसतं, म्हणून हे जमतं. मी दार केलं.

पुण्यात लोक बिल्डर म्हणायला लागले की गावाकडं फार्महाऊस लागतं, हे मला दुसऱ्या एका बिल्डरनंच सांगितलं. मग माझ्या वाटणीच्या रानात घर, पुरुषभर उंच भिंत, लोखंडी गेट. गवंड्यानं विचारलं, "साहेब, वर काचा लावू?" मी म्हणालो, लाव. मोठेपणाचं काही विचारलं की मी आधी हो म्हणतो आणि विचार नंतर करतो.

कागदावर वाटणी होऊनही दादा दर येळवशीला दोन्ही रानांना मिळून एकच फेरी घालायचा. काखेत आंबिलीचं मडकं, हातात डहाळी. पिकावर आंबील शिंपत तो पुढून म्हणायचा, "ओलगे ओलगे," आणि मागून मी, "सालम पोलगे." अर्थ दोघांनाही ठाऊक नाही. लहानपणी मी त्याच्या मागं शेपटासारखा चालायचो, पन्नाशीतही तसाच. फक्त पोट पुढं आलं होतं. खरं तर त्या फेरीसाठीच मी पुण्याहून यायचो. ऐकायला बावळट वाटतं, म्हणून बायकोला जमिनीचं काम आहे असं सांगायचो.

भिंत झाल्यावरची ही पहिली येळवस. गाडी गेटसमोर लावली आणि आठवलं, किल्ली पुण्यात फ्रिजवर राहिली. तरी मी दोनदा हॉर्न वाजवला. कोण उघडणार होतं कोण जाणे.

कोपीतून दादा आला. कुलपाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ये, जेवून घे. आमच्याकडं उघडंच हाय."

जेवण नेहमीसारखंच झालं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, उंडा घ्या अजून, पुण्यात कोण करून घालतंय?" मी चौथा घेतला. दादा मात्र ताटाकडं बघत जेवला.

मग त्यानं मडकं उचललं. मी मागं. ज्वारीतून, हरभऱ्यातून, हाकेला हाक देत आम्ही बांधापर्यंत आलो. बांध कुठला, माझी भिंत. दादा थांबला आणि परत फिरला.

"दादा, तिकडं?"

"तिकडं कुलूप हाय."

"तोडतो की."

"आज तोडशील." त्यानं भिंतीच्या माथ्याकडं बोट केलं. "ह्या काचा कुणासाठी लावल्यास?"

"चोरासाठी."

"इकडून तर मीच येतो."

मी हसायला गेलो, जमलं नाही. गवंड्याचं नाव तोंडावर आलं होतं. तेवढी लाज ठेवली, घेतलं नाही.

"चुकलं माझं. चल ना."

"लई वर्षं घातली दोन्हीकडची फेरी," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर मला भांडता आलं असतं. "आता तुझी तू घाल, बाबा."

तो कोपीकडं गेला. वहिनीनं मला तांब्याभर आंबील दिली आणि भिंतीवर टाकायला गोणपाट. मी तिच्या डोळ्यांकडं बघितलं नाही. गोणपाट टाकून, तांब्या दातात धरता येत नाही हे शिकून, मी स्वतःच्या फार्महाऊसवर चोरासारखा चढलो. तरी पँट फाटलीच, आणि अशा जागी की आता कुणाकडं पाठ फिरवून मला रागानं निघून जाता आलं नसतं.

आत उतरलो तर शिंपायला पीकच नाही. पेव्हिंग ब्लॉक, मधे विकत आणलेलं लॉन, कोपऱ्यात कुंड्या. दादानं मागच्या वर्षी इथंच हरभऱ्यावर आंबील शिंपली होती.

मी लॉनवर थोडी शिंपली. म्हणालो, "ओलगे ओलगे."

भिंतीपलीकडं वहिनी भांडी आवरत होती, तो आवाज थांबला. दादा खोकला. मी थांबलो. पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. आंबील ब्लॉकांच्या फटीत जिरत होती.

मग मागची ओळही मीच म्हणालो.