मामांची अफोरसेड

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखनीच्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवत होते. अड्याळला मामांच्या घरी पोचले, तर मामी एवढंच म्हणाली, "झोपेतच गेले. कोणाले तरास नाई देला." रडता रडता एकदम जाणवलं, आता या घरात 'अफोरसेड' अशी हाक कोणी मारणार नाही...

मनोहरमामा भंडाऱ्याला एका वकिलांकडे टायपिस्ट होते. उभा जन्म खरेदीखतं आणि दावे टाइप करण्यात गेला. त्या इंग्रजी कागदांत माणसाचं पूर्ण नाव सुरुवातीला एकदा येतं, पुढे तो नुसता 'अफोरसेड', म्हणजे उपरोक्त. ही भाषा मामांच्या अंगात मुरली होती. सकाळची वांग्याची भाजी रात्री पुन्हा पानात आली की ती 'सेड भाजी', म्हणजे सदरहू भाजी, व्हायची. मी म्हणायचे, "मामा, आता वकीलही असं लिहीत नाहीत." त्यावर ते म्हणायचे, "म्हणूनच घरी वापरून राहिलो. वाया नाई जाईन का?"

बायकोचं नाव घ्यायचं नाही ही जुनी रीत, आणि मामांना तर आयताच शब्द सापडलेला. लग्नात उखाण्यात एकदा नाव घेतलं, त्यानंतर मामी कायमची अफोरसेड. ती चिडायची. "मी काय कोर्टातली केस आहो? माय-बापानं सुलोचना नाव ठेवलं, ते यायच्या तोंडून कधी आयकाले भेटन मले?" म्हणायची हसत हसत, पण हे तिचं खरं दुखणं होतं. बाकी सगळ्यांसाठी ती मामी, काकू किंवा कोणाची तरी आई.

एकदा आम्ही तिघं यात्रेला गेलो आणि गर्दीत मामी दिसेनाशी झाली. तिचा मोबाइल घरीच राहिलेला. मामा घामाघूम होऊन मंडपातल्या माइकवाल्याकडे गेले. "अफोरसेड हरवली," असं काहीतरी बोलले. तो म्हणाला, "काकाजी, नाव सांगा ना!" मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग माइक स्वतःच हातात घेतला.

"सुलोचना... मंडपापाशी ये."

कोणी आलं नाही. पुन्हा पुकारलं, तरी नाही. तिसऱ्यांदा मात्र त्यांचा आवाज कापला. "सुलोचना, कुठी हायेस वो?"

तेव्हा मामी आली. निवांत, हातभर हिरव्या बांगड्या भरून.

"आयकू नाई आलं?"

"पयल्यांदाच आलं. बांगड्याच्या दुकानात होती मी."

"मंग काहून नाई आली?"

"आली असती, तं दुसऱ्यांदा कोणं घेतलं असतं नाव?"

मी पोट धरून हसले. मामा एसटीत खिडकीपाशी जाऊन बसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आज तीनदा झालं. आता जन्माचा कोटा पुरा." आणि खरंच पुन्हा घेतलं नाही. पण त्यानंतर अफोरसेड म्हटलं की मामी चिडायची नाही, नुसती बांगड्या वाजवायची.

गेल्या रविवारी मी अड्याळला गेले होते. ओसरीत मामांची वायरची खुर्ची तशीच आहे, बसून बसून मधे खोल गेलेली. मामीनं तीन कप चहा आणला. एक कप खुर्चीजवळ ठेवला आणि उखाण्याबाहेर कधी न घेतलेलं नाव घेतलं.

"मनोहर..."

कप खुर्चीच्या आणखी जवळ सरकवला. मग पुन्हा, "मनोहर, चहा झाला."

आणि शांतपणे स्वतःचा कप उचलला. मला राहवलं नाही. "मामी, आणखी एकदा?"

"नाई," ती खुर्चीकडे बघत हसली. "तिसऱ्या हाकेले यावंच लागते मानसाले. आयकू दे त्यायले, जिथं असन तिथं उभं राहून."