मारुतीच्या गळ्यातली मिल्कवीड

हिरव्या लॉनवर इतका राग असलेला माणूस अख्ख्या इलिनॉयमध्ये दुसरा नसेल. हे आमचे शेजारचे काका. नागपूरहून तरुणपणी इथे आले, जन्मभर कोड लिहिला आणि रिटायर झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर दारापुढचं लॉन उपटून काढलं. का, तर ते गवत इथलं नाही म्हणे! त्या जागी इथल्या मूळच्या माळरानाची झाडं लावली: डोक्यावर जाणारं ब्लूस्टेम गवत, जांभळी कोनफ्लॉवर्स आणि मिल्कवीड. पहिली दोन वर्षं तिथे काही दिसेचना. विचारलं की म्हणायचे, "वर काय पाहतोस बाप्पा, मुळं खाली चालली आहेत." आणि मग तासभर मुळंच. बारसं असो की वास्तुशांत, यांचा आहेर म्हणजे बियांची पुडी. आमच्या हिने तर एक पुडी बडीशेप समजून पाहुण्यांपुढे ठेवली होती.

काकूंनी कधीच हात टेकले होते, कॉलनीची कमिटी मात्र टेकेना. तिच्या लेखी हे नुसतं रान. शेवटी ठरलं, की मिल्कवीडवर मोनार्क फुलपाखरं वाढतात हे काकांनी या उन्हाळ्यात दाखवावं, नाहीतर सगळं कापून पुन्हा लॉन लावावं. ऑगस्टमध्ये पानांवर अळ्या दिसल्या, तेव्हा काकांनी घरोघरी श्रीखंड वाटलं.

नेमकी तेव्हा माझी आई पुण्याहून आलेली. शनिवारी सकाळी फिरताना तिने मिल्कवीडचं पान तोडलं, पांढरा चीक आला. झालं, ही रुईच! देवासाठी शेजारच्या कुंपणातलं फूलपान तोडायला आमच्याकडे कोणी चोरी म्हणत नाही. आईने चांगली पानं खुडून मारुतीच्या फोटोला माळ घातली, आणि काका आले तेव्हा कौतुकाने सांगितलं, की तुमच्या रुईला कीड लागली होती, तीही झटकून साफ केली. काका सोफ्यावर बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात त्यांची नजर फोटोकडे गेली. मारुतीच्या खांद्यापाशी एक पट्ट्यापट्ट्यांची अळी निवांत पान खात होती.

हकिगत कळल्यावर आई फार ओशाळली. माळ उतरवायची नाही, असं तिनेच फर्मान काढलं. काका रोज ताजी पानं आणायचे, आई ती ओवायची. पुढे अळीने फोटोच्या चौकटीलाच हिरवा कोष टांगला. कमिटीची मंडळी आली, बूट काढून देवघरापुढे उभी राहिली, आईच्या हातचा शिरा खाऊन गेली. बाग वाचली.

फुलपाखरू बागेत सोडलं, तेव्हा आईने विचारलं, हे परत कधी येईल.

"हे नाही येत, ताई," काका म्हणाले. "हे मेक्सिकोला जातं. इकडे येतात ती याची मुलं-नातवंडं."

आई म्हणाली, "चालेल. त्यांना माझी ओळख सांगा."

थंडीआधी आई पुण्याला परतली. यंदा तिच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपण्यासारखा नाही. पुढेही झेपेल असं वाटत नाही. घर फार रिकामं वाटतं. काल संध्याकाळी काका मिल्कवीडमध्ये वाकून, फोन पानाजवळ धरून उभे होते. पलीकडून आई विचारत होती, "खातायत ना पोटभर?"